बाटलीवरची दोन अक्षरं

मागच्या नाताळात माझा भाचा फ्रान्सहून आला तो एक शँपेनची बाटली घेऊन. "मामा, ही कंपनीची नव्हे हं, शेतकऱ्याची आहे," असं त्याने जरा अभिमानानेच सांगितलं. लेबलाच्या तळाशी चष्मा लावूनच वाचता येतील अशी दोन बारीक अक्षरं होती : आरएम. म्हणजे द्राक्षं पिकवणाऱ्यानेच केलेली शँपेन. मोठ्या पेढ्यांच्या बाटलीवर त्या जागी एनएम असतं, म्हणजे व्यापाऱ्याने द्राक्षं विकत घेऊन केलेली.

शेतकऱ्याची म्हणजे अस्सल आणि व्यापाऱ्याची म्हणजे बाजारू, हे आपल्या मनाला चटकन पटतं. मलाही पटलं होतं. पण ही अक्षरं खरंच चवीबद्दल काही सांगतात का, हे समजून घ्यायचं तर त्या प्रांताचा इतिहास थोडा उलगडावा लागतो. आणि मित्रहो, तो इतिहास शँपेनच्या फेसासारखा मुळीच हलकाफुलका नाही.

शँपेन प्रांतात सुमारे 34 हजार हेक्टर द्राक्षबागा आहेत. त्यातल्या जवळजवळ 90 टक्के शेतकऱ्यांच्या मालकीच्या. पण विकल्या जाणाऱ्या बाटल्यांपैकी साधारण 70 टक्के पेढ्यांच्या नावावर जातात. जमीन एकाची आणि नाव दुसऱ्याचं! सगळ्या भांडणाचं मूळ या एका वाक्यात आहे.

याला कारणही तसंच होतं. शँपेन करायला भांडवल लागतं. वाईन बाटलीत भरून तिथेच दुसऱ्यांदा आंबवायची, गाळासकट थंडगार तळघरात महिनोन् महिने ठेवायची, मग गाळ काढून नवं बूच मारायचं. आजच्या नियमानेसुद्धा साध्या शँपेनला किमान 15 महिने आणि साल छापलेल्या शँपेनला किमान 3 वर्षं थांबावं लागतं. एवढा काळ पैसा अडकवून ठेवणं छोट्या शेतकऱ्याला कुठून परवडणार? तो सुगीला द्राक्षं विकून मोकळा व्हायचा. भाव पेढ्यांचे दलाल ठरवायचे.

त्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फिलॉक्सेरा ही वेलीची मुळं खाणारी कीड आली. मग 1910 साली हवामान आणि बुरशी यांनी मिळून पीक जवळजवळ संपवलं. शेतकरी कर्जात बुडाला, पण पेढ्यांकडून बाटल्या निघतच होत्या. काही व्यापारी बाहेरच्या प्रांतांतली स्वस्त द्राक्षं आणि वाईन आणून तिला शँपेन म्हणत होते, हा शेतकऱ्यांचा आरोप होता आणि तो निराधार नव्हता. जानेवारी 1911 मध्ये दामेरी आणि ओव्हिलेर या गावांत लोकांनी व्यापाऱ्यांची वाईन मार्न नदीत ओतली. ओव्हिलेर म्हणजे दोम पेरिन्यों या प्रसिद्ध साधूच्या मठाचं गाव. त्याच गावातून वाईन रस्त्यावर वाहिली.

एप्रिलमध्ये भडका उडाला. सरकारने 1908 साली शँपेनची हद्द आखली होती आणि दक्षिणेकडचा ओब जिल्हा त्यातून वगळला होता. ओबचे शेतकरी चिडले. त्यांना शांत करण्यासाठी सिनेटने ही हद्दच रद्द करण्याच्या बाजूने कौल दिला, तर मार्नचे शेतकरी पेटून उठले. आई नावाचं एक गाव आहे (उच्चार आपल्या 'आई'सारखाच), तिथे व्यापाऱ्यांची घरं आणि तळघरं जाळली गेली. सैन्य आणावं लागलं. शेवटी 1927 च्या कायद्याने ओबला पूर्ण मान मिळाला आणि हद्दीचा वाद मिटला.

हद्द ठरली, तरी भावाचा प्रश्न राहिलाच. पुढे बराच काळ द्राक्षांचा भाव गावावरून ठरायचा. प्रत्येक गावाला टक्केवारी असायची. 17 गावं शंभर टक्क्यांची, बाकीची त्याखालची. आता बघा, शंभर टक्क्यांच्या गावातल्या आळशी माणसाला पूर्ण भाव आणि कमी टक्क्यांच्या गावात वेलीवर जीव लावणाऱ्याला कमी भाव! पैसे किलोवर मिळत असतील तर कमी पण उत्तम द्राक्षं कोण पिकवील? ज्याला तसं पिकवायचं होतं, त्याला स्वतःच्या नावाची बाटली हाच मार्ग उरला. अवीज गावच्या आन्सेल्म सेलोस याने हे करून दाखवलं, आणि पुढच्या कितीतरी तरुणांनी त्याचा कित्ता गिरवला. माझ्या मते शेतकऱ्याच्या अक्षरांचं खरं मोल इथे आहे. ती चवीची हमी देत नाहीत, पण कष्टाचं फळ कष्ट करणाऱ्याच्या पदरात पडेल अशी सोय करतात.

मात्र अक्षरांवर आंधळा विश्वास ठेवू नये. आरसी हीही एक खूण आहे. ती असलेला शेतकरी द्राक्षं सहकारी संस्थेला देतो, तिथे तयार झालेल्या बाटल्या परत घेतो आणि स्वतःच्या नावाने विकतो. म्हणजे एकाच टाकीतली वाईन अनेक 'घरगुती' नावांनी बाहेर पडू शकते. उलट बाजूने, पेढीला तयार बाटल्या विकत घेऊन त्यांवर आपलं लेबल लावायची कायद्याने मुभा आहे. आणि काही उत्तम शेतकऱ्यांनी शेजाऱ्याची चार द्राक्षं विकत घेता यावीत म्हणून व्यापाऱ्याचा परवाना काढला. त्यांच्या बाटलीवरची अक्षरं बदलली, हात तेच राहिले.

शिवाय पेढ्यांचंही एक बळ असतंच. एकाच गावात बाग असलेल्याचं पीक एका गारपिटीत जातं. पेढी अनेक गावांची द्राक्षं आणि जुन्या वर्षांची राखून ठेवलेली वाईन मिसळून दरवर्षी तोल सांभाळते. क्रुग आणि सालों ही दोन्ही नावं व्यापाऱ्यांच्या रांगेतली. त्यांना बाजारू म्हणायला कोण धजेल?

आपल्या गोव्यात हा प्रश्न परका नाही. काजूफेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याने फेणी कुठची हे ठरलं. पण बाटलीतली फेणी कुणाच्या भट्टीवर उतरली, बोंडू कुणी वेचले, हे नाव आपण किती वेळा विचारतो? गावातला भट्टीवाला आपली फेणी दुकानदाराला कॅनमधून देतो आणि त्याचं नाव तिथेच संपतं. भट्टीवाल्याची प्रत्येक फेणी चांगली असते असंही नाही, हे पिणारे जाणतातच! पण ज्याचं नाव बाटलीवर येणार नाही, त्याने ती चांगली करण्यासाठी जास्तीचे कष्ट का घ्यावेत?

भाच्याची बाटली आम्ही नववर्षाच्या रात्री उघडली. मला ती जरा जास्तच आंबट लागली, बहिणीला मात्र फार आवडली. चांगली की वाईट, ते त्या दोन अक्षरांनी सांगितलं नाही. पण कुणाला जाब विचारायचा आणि कुणाला शाबासकी द्यायची, ते सांगितलं. 1911 सालच्या त्या शेतकऱ्यांना तेवढं तरी मिळालं असतं, तर कदाचित आई गाव जळलं नसतं.