परतीचा लखोटा

घरबसल्या शिक्षण ही संगणकाची देणगी, असा आपला समज असतो. पण ही गोष्ट निदान १८४० इतकी जुनी आहे. त्या वर्षी १० जानेवारीपासून ब्रिटनमध्ये एका पेनीत देशभर कुठंही पत्र जाऊ लागलं. आयझॅक पिटमन यांनी आपली लघुलिपी एका तक्त्यावर छापली आणि टपालानं धाडली. हो, तेच पिटमन, ज्यांच्या शॉर्टहँडचे क्लास आपल्याकडे टायपिंगच्या जोडीनं चालत. शिकणाऱ्यानं बायबलमधली वचनं त्या लिपीत उतरवून पाठवायची. पिटमन ती तपासून, चुका दाखवून परत करायचे. काम आवरेना, तेव्हा १८४३ मध्ये तपासणाऱ्यांचं एक मंडळच उभं राहिलं. तेही फुकट तपासणाऱ्यांचं!

मला या हकिकतीत मोलाचा वाटतो तो परतीचा लखोटा. धडा छापून वाटता येतो. तो कुणाला कुठं अडला, हे पाहायला माणूस लागतो. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठानं हे ओळखलं होतं. १९७१ मध्ये तिथं शिक्षण सुरू झालं, तेव्हा बोलबाला झाला बीबीसीवरच्या व्याख्यानांचा. पण विद्यार्थ्यांना शिक्षक नेमून दिलेले होते आणि ते गृहपाठावर नुसते गुण न देता शेरेही लिहीत.

अमेरिकेत आर्थर चिकरिंग आणि झेल्डा गॅमसन यांनी १९८७ मध्ये चांगल्या अध्यापनाची ७ सूत्रं मांडली. त्यांतलं एक, चूक वेळेवर दाखवणं. १९९६ मध्ये चिकरिंग यांनी स्टीफन एरमन यांच्यासोबत हीच सूत्रं संगणकाला आणि ई-मेलला लावून पाहिली. म्हणजे इंटरनेटवरच्या वर्गांची लाट येण्याआधीच सांगणारे सांगून गेले होते.

तरी २०११ मध्ये काय झालं? स्टॅनफर्डच्या प्राध्यापकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वर्ग इंटरनेटवर सर्वांना खुला केला. नावं नोंदवली सुमारे १ लाख ६० हजार जणांनी, शेवटपर्यंत टिकले २० हजारांहून थोडे अधिक. हा आकडाही लहान नव्हे, हे कबूल. पण तपासणी यंत्राकडे होती आणि गळणाऱ्या एकेकाची विचारपूस करणं कुणालाच शक्य नव्हतं. व्हिडिओ एकदा बनवला की लाखांना पुरतो, तपासणीचा खर्च मात्र डोईगणिक वाढतो. म्हणूनच कात्री आधी तिथं लागते.

२०२० च्या टाळेबंदीत आमच्या शेजारच्या शिक्षिका रात्री मोबाइलवर वह्यांचे फोटो उघडून बसत. चुकलेल्या गणिताभोवती बोटानं लाल वर्तुळ काढत आणि फोटो परत पाठवत. मग अकराच्या सुमारास एखाद्या पोराचा निरोप येई, ‘बाई, आता बघा.’