लहरीवरचे संगीत आणि कपाटातले संगीत

बिनतारी यंत्रावर वाहत येणारे गाणे श्रेष्ठ, की घरात ठेवलेल्या तबकडीवरचे, हा प्रश्न दिल्लीत आणि तिच्या भोवतालच्या गुरुग्राम-नोएडासारख्या नगरांत आज अनेक घरांत निघतो. त्याचे उत्तर बहुधा नादाच्या शुद्धतेत शोधले जाते. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला ध्वनी साठवलेला असतो. ब्लूटूथवरून तो पाठवताना त्यातला काही तपशील सहसा गाळावा लागतो. वायफायवरून तो जसाच्या तसा येऊ शकतो. कानाचा हा वाद तंत्रज्ञांनी जवळजवळ मिटवत आणला आहे. दिल्लीचा इतिहास मात्र निराळाच प्रश्न पुढे ठेवतो. घरात वाजणाऱ्या गाण्यावर सत्ता कोणाची?

नभोवाणीचे दिल्ली केंद्र १ जानेवारी १९३६ रोजी सुरू झाले. ध्वनिमुद्रिका त्याहून जुनी. कलकत्त्यात गोहरजानचे गाणे मुद्रित झाले ते १९०२ साली. पण त्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावे. अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या थोर गवयालाही रागाचा सारा विस्तार तेवढ्या अवकाशात आवरता घ्यावा लागे. नभोवाणीने ही कोंडी फोडली. १९५२ साली दिल्लीहून संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि ज्याच्या घरी एकही तबकडी नव्हती, त्यालाही तासाहून अधिक रंगणारी मैफल घरबसल्या ऐकता येऊ लागली. लहरींवरून येणाऱ्या संगीताचे हे औदार्य विसरता येणार नाही.

त्याच वर्षी या औदार्याची दुसरी बाजूही दिसली. माहिती व नभोवाणी खात्याची सूत्रे तेव्हा डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या पुण्यात जन्मलेल्या मंत्र्यांकडे आली होती. शास्त्रीय संगीताविषयी त्यांना उत्कट आस्था होती आणि चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते, असे त्यांचे प्रामाणिक मत होते. आकाशवाणीने चित्रपटगीतांची संख्या घटवली. गाण्याबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात होय, या भूमिकेतून ते नावही गाळले. चित्रपट-निर्मात्यांनी उलट आपले परवाने काढून घेतले. अशा रीतीने कालपर्यंत घरोघरी ऐकू येणारी गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. श्रोत्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन गाठले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून आकाशवाणीने त्या गाण्यांना पुन्हा घर दिले. मधल्या काळात ज्याच्या कपाटात तबकडी होती, त्याला मात्र कोणाच्याही परवान्याची वाट पाहावी लागली नाही.

हा प्रसंग जुना म्हणून सोडून देता येत नाही, कारण दिल्लीतच त्याची पुनरावृत्ती झाली. जुन्या ग्रामोफोन कंपनीचा वारसा सांगणारी सारेगामा ही संस्था एप्रिल २०१९ मध्ये स्पॉटिफायविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली. आपल्या गाण्यांसाठी करार झालेला नाही, असे तिचे म्हणणे होते. ती गाणी दहा दिवसांत काढून टाकण्याचे स्पॉटिफायने न्यायालयापुढे मान्य केले. २०२० साली उभय पक्षांत करार झाला आणि गाणी परतली. १९५२ साली मंत्रालय आणि निर्माते, २०१९ साली दोन व्यापारी संस्था. वाद वेगळे, पण दोन्ही वेळी श्रोत्याला कोणी विचारले नाही. ज्याच्याकडे त्याच गाण्यांची सीडी होती, त्याच्या घरातले गाणे तेवढे थांबले नाही.

म्हणून सीडीच सर्वश्रेष्ठ, असा निकाल देणे हे अविचाराचे होईल. सीडीला जागा लागते, तिच्यावर चरे पडतात, ती वाजवणारी यंत्रेही दुर्मीळ होत चालली आहेत. शिवाय पैसे मोजून घेतलेल्या संग्रहात आपल्याला आधीच ठाऊक असलेलेच बहुधा असते; अनोळखी गवयाची ओळख वाहत्या प्रवाहातच होते. २०१६ साली आकाशवाणीने सुरू केलेली शास्त्रीय संगीताची ‘रागम्’ ही वाहिनी इंटरनेटवरून पृथ्वीच्या कोणत्याही कोपऱ्यात ऐकता येऊ लागली, हे काम कपाटाकडून होणारे नव्हे.

स्वतः आकाशवाणीने या दोन वाटांचा मेळ घातला आहे. एका रात्री लहरींवरून गेलेली मैफल त्याच रात्री विरून जायची. पण तिच्या संग्रहालयाने कित्येक मैफली जपून ठेवल्या आणि पुढे त्यांतल्या काही सीडीच्या रूपाने श्रोत्यांच्या हाती दिल्या. प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेलाही जे मोलाचे वाटले ते जपून ठेवावेच लागले. दिल्लीच्या श्रोत्याने यातून एवढेच घ्यावे: नवे ऐकण्यासाठी लहरींचे दार उघडे असू द्यावे, आणि जे गाणे नसल्यास घर सुने वाटेल, त्याची एक प्रत आपल्या कपाटात असावी.