पोलादी पत्रा आणि कोरणाराचे नाव

इतिहासग्रंथांत व्यक्तिचित्र छापताना त्याची खालची कड बहुधा कापली जाते. अभ्यासकाच्या दृष्टीने ही हानी लहान नाही. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये थोरामोठ्यांचे चेहरे घरोघरी पोहोचले, ते धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या प्रतींतून. अशा प्रतीखाली सामान्यतः डावीकडे मूळ चित्रकाराचे व उजवीकडे कोरणाराचे नाव असे. प्रकाशकाचे नाव व तारीख १७३५ च्या कायद्यानुसार स्वामित्वहक्कासाठी आवश्यक होती. म्हणजे ही कड हा व्यापाराचा दस्तऐवजच होय.

तांब्याचा पत्रा मऊ असल्याने छापताना झिजे. विशेषतः मेझोटिंट पद्धतीतील गडद छटा थोड्याच प्रतींनंतर फिक्या पडत. टॉमस लप्टन यांना १८२२ मध्ये मऊ केलेल्या पोलादावरील मेझोटिंटसाठी सोसायटी ऑफ आर्ट्सचे पदक मिळाले. आता प्रती विपुल निघू लागल्या. परंतु विपुलतेने किंमत घसरते. म्हणून आरंभीच्या मोजक्या प्रती वेगळ्या काढून चढ्या भावाने विकल्या जात. १८४७ मध्ये स्थापन झालेला चित्रविक्रेत्यांचा संघ अशा प्रतींवर शिक्का मारी. टंचाई आता धातूमुळे नव्हे, तर व्यापाऱ्यांच्या करारामुळे टिकत होती.

या व्यवहाराचा भार ज्याच्या हातावर होता, त्या कोरणाराला मात्र रॉयल अकादमी नक्कलकार मानून केवळ सहयोगी सदस्यत्व देई. लॉरेन्स यांची व्यक्तिचित्रे कोरणारे सॅम्युएल कझिन्स १८५५ मध्ये पूर्ण सदस्य झाले. असा मान मिळालेले ते पहिले कोरणारे. त्याच्या आदल्याच वर्षी पॅरिसमध्ये दिस्देरी यांनी भेटकार्डाच्या आकाराच्या छायाचित्रांचे एकस्व घेतले होते.