इल्ट आणि ब्रिंट

डेन्मार्कमधील शाळकरी मुले ऑक्सिजनला ‘इल्ट’ आणि हायड्रोजनला ‘ब्रिंट’ म्हणतात. हे शब्द लोकांच्या तोंडी आपोआप घडलेले नाहीत. कोपनहेगन विद्यापीठातील प्राध्यापक हान्स क्रिश्चन ओर्स्टेड यांनी ते १८१४ साली मुद्दाम बनवले. विद्युतप्रवाहाजवळ चुंबकसूची हलते हे १८२० साली दाखवणारे ओर्स्टेड ते हेच.

‘ऑक्सिजन’ हे नाव लव्हाझिए यांचे. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘आम्ल निर्माण करणारा’. प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, अशी लव्हाझिए यांची धारणा होती. जर्मन भाषेने तिचेच भाषांतर करून ‘झाउअरस्टोफ’, म्हणजे आम्लद्रव्य, हा शब्द केला. परंतु हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नसतो, हे हम्फ्री डेव्ही यांच्या १८१०च्या सुमाराच्या कामातून स्पष्ट झाले. धारणा गेली, नाव मात्र राहिले.

ओर्स्टेड यांना जर्मानिक कुळातील भाषांना आपलेसे वाटतील असे छोटे शब्द हवे होते. डॅनिशमध्ये विस्तवाला ‘इल्ड’ म्हणतात. हा शब्द जुना; प्राचीन नॉर्समध्ये तो ‘एल्द्र’ होता, स्वीडिशमध्ये आज ‘एल्ड’ आहे. त्यावरून झाला ‘इल्ट’. जळणे म्हणजे ‘ब्रेने’. इंग्रजीतले ‘बर्न’ आणि जर्मनमधले ‘ब्रेनेन’ ही त्याचीच भावंडे. त्यावरून झाला ‘ब्रिंट’.

ही जोडी वर्गात उपयोगी पडेल. ऑक्सिजन स्वतः जळतो, असे अनेक विद्यार्थ्यांना वाटते. जळतो तो ब्रिंट; त्याला जळू देतो तो इल्ट. अर्थात हे नावही पूर्ण सत्य सांगत नाही, कारण हायड्रोजन क्लोरीनमध्येही जळतो.

ओर्स्टेड यांची सूचना साऱ्या जर्मानिक भाषांसाठी होती. जर्मन आणि स्वीडिशने ती स्वीकारली नाही. डॅनिशमध्ये मात्र ती रुजली. कार्बन मोनॉक्साइडला तिथे आजही ‘कुलइल्टे’ म्हणतात. त्यातला ‘कुल’ म्हणजे कोळसा.

आपला ‘प्राणवायू’ श्वासावरून आला. एकाच वायूला कोणी आम्लावरून ओळखले, कोणी विस्तवावरून, कोणी प्राणावरून. प्रत्येक नावाने त्याचा एकच गुण पकडला. म्हणून पारिभाषिक शब्द शिकवताना त्याचा अर्थ जरूर उलगडावा, पण त्या अर्थालाच व्याख्या समजू नये. ती प्रयोगातूनच तपासायची असते.