विंचूदंश आणि प्रथिनांचे आकारबदल

लाल विंचवाचा दंश ही कोकणात, महाड-पोलादपूरच्या डोंगरपट्ट्यातही, एके काळी अनेकांचा जीव घेणारी विषबाधा. हिचे मर्म एका प्रथिनाच्या अडलेल्या हालचालीत आहे. मज्जापेशीच्या पटलात सोडियमच्या वाटा असतात, त्या प्रथिनांच्याच. अशा वाटेच्या चार खंडांपैकी चौथ्याचा संवेदक विद्युतदाब बदलताच बाहेर सरकतो, तेव्हाच उघडलेली वाट क्षणार्धात मिटते. विंचवाच्या अल्फा गटातील विषे म्हणजे साठ-सत्तर अमिनो आम्लांची, गंधकाच्या चार टाक्यांनी आवळलेली इवली प्रथिने. ती हा संवेदक धरून ठेवतात. वाट नीट मिटत नाही, मज्जातंतू पुन्हा पुन्हा चेततात, रक्तात अॅड्रेनॅलिनचा लोंढा येतो. रुग्ण घामाने निथळतो, हातपाय गार पडतात, पुढे फुप्फुसांत पाणी होऊन तोंडाला गुलाबी फेस येतो. पाठ्यपुस्तकातली कुलूपकिल्लीची उपमा इथे तोकडी पडते, कारण विद्युतदाब जोरात पालटला की संवेदक सरकतो आणि बसलेले विषही सुटते. कुलूपच आकार बदलते म्हटल्यावर किल्लीला एकटीला काय अर्थ?

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशाची हृदयविषयक पूर्वलक्षणे १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडली, प्राझोसिन या औषधाच्या वापरावरचा, डॉ. प्रमोदिनी बावस्करांसह लिहिलेला लेख तिथेच १९८६ मध्ये आला. प्राझोसिन विषाला शिवतही नाही. रक्तवाहिन्यांवरील अॅड्रेनॅलिनच्या अल्फा-१ ग्राहीच्या खोबणीत ते बसते, ग्राही विश्रांतीच्या आकारातच राहतो आणि आवळलेल्या वाहिन्या सैलावतात. मग हा वरवरचा इलाज नव्हे का, मूळ विषावर प्रतिविषच हवे, हा आक्षेप वजनदार आहे. महाडमधल्याच ७० रुग्णांच्या चाचणीत (‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’, २०११) दोन्ही औषधे मिळालेले सरासरी ८ तासांत सावरले, केवळ प्राझोसिनवरच्यांना १७.७ तास लागले. परंतु नुसत्या प्रतिविषाचा गट त्या चाचणीत नव्हता, त्यामुळे प्राझोसिन वगळावे असे तिच्यातून निघत नाही. शिवाय प्रतिविषातली प्रतिपिंडेही विषाच्या पृष्ठभागाचा आकार ओळखूनच त्याला धरतात. सारे आकारबदलावर चालते या म्हणण्यावरचा दुसरा आक्षेप याच विंचवाच्या विषातून येतो. त्यातले ३७ अमिनो आम्लांचे आयबेरिओटॉक्सिन पोटॅशियमच्या एका वाटेच्या तोंडावर बुचासारखे बसते, वाटेला वाकवावे लागत नाही. हे मान्य करावे लागते. पण बूच नेमके बसते ते तीन गंधकबंधांनी त्याचा आकार पक्का ठेवल्यामुळे, आणि ते बंध तोडले तर उरतो एक ढिला धागा.