थंडीत बारीक झालेली धार

गेल्या जानेवारीत आमच्या गटातल्या एका ताईंच्या आरओ फिल्टरची धार अगदी बारीक झाली. मेकॅनिक म्हणाला, मेम्ब्रेन गेलं. गटातून उचललेले अडीच हजार त्यात गेले. नव्या मेम्ब्रेनचीही धार बारीकच! मार्चमध्ये ती आपोआप वाढली. तेव्हा मी या मेम्ब्रेनचा इतिहासच वाचायला घेतला.

ही गोष्ट अमेरिकेतली. 1960च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात सिडनी लोब आणि आपल्या भारतातून गेलेले श्रीनिवास सौरिराजन खारं पाणी गोडं करायच्या खटपटीत होते. सेल्युलोज अॅसिटेटचा पडदा मीठ अडवतो हे आधीच कळलं होतं, पण त्यातून पाणी जेमतेम झिरपायचं. या दोघांनी पडदा थंडीत ओतला, बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि मग सुमारे 80 अंशांच्या पाण्यात ठेवला. उष्णतेने त्याची छिद्रं आवळली. मीठ अडलं आणि पाणीही भरपूर येऊ लागलं. म्हणजे ऊन-गार पाण्याचा खेळ या पडद्याच्या जन्मापासूनचा!

1965 साली कॅलिफोर्नियातल्या कोलिंगा गावात असं पाणी लोकांना मिळू लागलं. तिथे पूर्वी पिण्याचं पाणी रेल्वेने यायचं आणि घरात गरम, गार आणि पिण्याचा असे तीन नळ असत. (आपल्याकडे एकाची मारामार.) पुढे 1970च्या दशकात जॉन कॅडॉट यांनी पॉलिअमाइडचा पातळ थर आणला. आपल्या घरच्या फिल्टरमध्ये तोच असतो.

या मेम्ब्रेनवर लिहिलेले लिटर 25 अंशांच्या पाण्याचे असतात. गार पाणी दाट होतं, म्हणून दर अंशामागे धार साधारण 3 टक्के घटते. 17 अंशांना जवळजवळ पाव हिस्सा कमी. हा बिघाड नव्हे. टीडीएस मोजा, तो नेहमीएवढाच असेल, तर मेम्ब्रेन बदलायची घाई नको. मे महिन्यात उलटं होतं. धार जोरात येते, पण क्षारही जास्त निसटतात. पाणी फार तापलं तर मेम्ब्रेनच खराब होतं. यंत्राच्या पुस्तिकेत साधारण 40 अंशांच्या आसपासची मर्यादा दिलेली असते, ती बघून घ्या.

त्या ताईंची काळी टाकी गच्चीवर उन्हातच असते. आता उन्हाळ्यात तिच्यावर ओलं गोणपाट टाकतात आणि फिल्टर पहाटे चालवतात. जुनं मेम्ब्रेन मात्र मेकॅनिक घेऊन गेला, ते मागायचं राहूनच गेलं.