भित्रा डाव आणि हिशेबी धाडस

पत्त्यांच्या खेळांत ज्याच्या हातीं चांगलीं पानें तोच जिंकतो, असा सामान्य समज आहे. पोकर या अमेरिकन खेळाचा इतिहास मात्र वेगळेंच सांगतो. त्यांत प्रतिस्पर्ध्यांनीं माघार घेतली, तर पानें न दाखवितांच डाव मारतां येतो; म्हणूनच हूल देण्याला तेथें एवढें महत्त्व. आपल्याकडे तीन पत्ती खेळणाऱ्यांस हें मर्म परिचित आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत न्यू ऑर्लिन्सच्या परिसरांत हा खेळ रूढ झाला व मिसिसिपी नदीवरील आगबोटींतून सर्वत्र पसरला. प्रारंभीं त्यांत अवघीं वीस पानें असत. आगबोटींवर पत्तेबाज ठकांचा सुळसुळाट असे. तेव्हां हूल आणि लबाडी यांतील भेद पुसट होणें स्वाभाविक होतें.

हा भेद गणितानें स्पष्ट केला. हंगेरींत जन्मलेले गणिती जॉन फॉन नॉयमन यांनीं ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्यासह १९४४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत पोकरचें एक साधें रूप सोडवून दाखविलें. उत्तम पानांवर मोठी पैज लावावी, मध्यम पानांवर हात आखडावा आणि अगदीं निकृष्ट पानांपैकीं कांहींवर पुन्हां मोठीच पैज लावावी, असा त्यांचा निष्कर्ष होता. कारण उघड आहे. भित्रा खेळाडू केवळ उत्तम पानांवरच पैज लावतो; तें ओळखून इतर उठून जातात आणि उत्तम पानांचेंही मोल त्याच्या पदरीं पडत नाहीं.

याचा हिशेब असा. डावावर शंभर नाणीं जमलीं असतां पन्नासाची हूल दिली, तर प्रतिस्पर्ध्यानें तीन वेळांपैकीं एकदां माघार घेतली तरी नुकसान होत नाहीं. उलट, अशा चार पैजांपैकीं तीन खऱ्या व एक खोटी ठेवली, तर पन्नास भरून पानें पाहणाऱ्यासही कांहीं लाभ उरत नाहीं.

टेक्सासच्या डॉइल ब्रन्सन यांनीं हें तत्त्व बैठकींत आचरून दाखविलें. १९७६ व १९७७ अशीं दोन वर्षें त्यांनीं लास व्हेगस येथील जागतिक स्पर्धा जिंकली. पैज वाढविणाऱ्यास जिंकण्याचे दोन मार्ग असतात: समोरचा माघार घेईल, किंवा आपलीं पानें सरस ठरतील. केवळ पैज भरून पाहणाऱ्यास दुसराच मार्ग उरतो. लहान लहान डाव सतत आक्रमणानें मिळवावे आणि त्या मिळकतीवर मोठ्या डावांतील जोखीम पत्करावी, ही त्यांची रीत होती. पुढें २०१७ सालीं लिब्रेटस नांवाच्या संगणकानें चार व्यावसायिक खेळाडूंस वीस दिवसांत हरविलें. तेव्हां त्याच्या अवाढव्य पैजांनीं तज्ज्ञही चकित झाले.

परंतु धिटाई म्हणजे उधळेपणा नव्हे. मागें न हटणाऱ्यापुढें हूल देणें म्हणजे भिंतीवर डोकें आपटणें होय. किती गमवावयाचें याची मर्यादा ज्यानें बैठकीपूर्वींच आंखली, त्यालाच निर्भयपणें खेळतां येतें. ती न आंखणाऱ्याचें धाडस त्याचें घर बुडवितें.